यंत्र बोलू लागायच्या आधी

पाटोदा,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रवीण,
जय भीम.

आधी या पत्राचा हिशेब. तिकीट शून्य, कारण आंधळ्याचं टपाल सरकार फुकट नेतं. कागद शून्य, जुन्या कॅलेंडरचं पान आहे. महिना कुठला ते मला दिसलं नाही आणि तुलाही दिसणार नाही. ब्रेलची पाटी आणि टोचणी शाळेतलीच. म्हणजे वरवर फुकटात पडलं. खरी किंमत अशी की बोट सुजलंय, माझं यंत्र मुकं पडलंय, दिवाळीच्या तीन जाहिराती दुसऱ्याकडं गेल्यात, आणि घरात मी कुणाशी धड बोलत नाही.

फोन कावून केला नाही म्हणशील. फोनवर बोललं की घर ऐकतं. आपलं पत्र बघ, नियमानं पाकीट उघडंच टाकावं लागतं, कुणीही काढून चाचपावं. पण पाटोद्यात या टिंबांची किल्ली आहे कुणाकडं? उघडं ठेवून बंद राहणारं एवढं एकच कुलूप मला ठाऊक आहे.

आता दुखणं ऐक. तू अंबाजोगाईत आपल्यासारख्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतोस, म्हणून तुलाच सांगतो. सणाचे दोन दिवस काम बंद होतं. काल सकाळी बटण दाबलं. पंखा घुमला, डिस्क सुरसुरली, एकदा ‘टुक’ वाजलं. पुढं विंडोजची सलामी वाजून आपली ती पडदा वाचणारी बाई बोलायला हवी होती. काही नाही. जीवननं, माझ्या पोरानं, कुठलीशी कळ दाबली की यंत्र पुढं सरकतं, क्षणभर डिस्क धावते, आणि परत ‘टुक’. म्हातारा उंबऱ्याला ठेचकाळून पुन्हा पुन्हा अंगणात यावा तसं.

स्टँडजवळचा दुरुस्तीवाला येऊन गेला. “हार्डडिस्क गेली काका. फॉरमॅट मारू, न्हाईतर नवी टाकू.”

म्हटलं, “गेलेला माणूस श्वास घेतो का बे? डिस्क घुमतेय, मला ऐकू येतंय.”

“कानानं कॉम्प्युटर दुरुस्त झाले असते तर आमी डिप्लोमे कशाला केले?”

त्या डिस्कमध्ये माझा अठरा वर्षांचा आवाज आहे. सेल, सभा, निधन, नारायणगडाच्या जत्रेतलं हरवलं-सापडलं. रिक्षावर भोंगा लावून जे जे पाटोद्यानं ऐकलं ते सगळं. आणि ती बाई पण त्यातच. तो जुना प्रोग्राम आता कुठं मिळत नाही. फॉरमॅट मारला की मी पुन्हा बाराखडीला.

जीवन म्हणतो, “बाबा, नवा लॅपटॉप घेऊ. रेकॉर्डिंग मी करतो. तुमी आराम करा.”

आराम! आठव्या वर्षी डोळे गेले तेव्हा मला ओट्यावर बसवून घरच्यांनी हाच शब्द वापरला होता. त्या ओट्यावरून उतरून मी एसटीत कंगवे विकले, टेलिफोन बूथ चालवलं, हा धंदा उभा केला. आता परत ओटा?

तुलाच सांगतो, यंत्र आपोआप बिघडलेलं नाही. लोडशेडिंग झालं तरी इन्व्हर्टर आहे, त्याची वीज कधी तुटत नाही. दसऱ्याला सकाळी सूनबाई त्या खोलीत गेली, टेबलाखाली वाकली, बांगड्या वाजल्या, आणि लगबगीनं बाहेर आली. प्रियदर्शनी. लग्नाला तीन वर्षं झाली. दिवसभर गुणगुणत असते, वागायला गोड आहे. पण शेवटी नवऱ्याचीच होणार. दोघांनी मिळून मला बसवायचं ठरवलं असेल. माझ्या कानाला चकवून या घरात सुई उचलली जात नाही, हे तू जाणतोस.

पंधरा तारखेपर्यंत मुदत मागून घेतलीय. मग जीवन यंत्र फॉरमॅटला नेणार. काय करू ते लिही.

तुझा,
रामेश्वर


अंबाजोगाई,
७ ऑक्टोबर

रामेश्वर,
राम राम.

पत्र पोचलं. टोचणी इतकी दाबलीस की चार ठिकाणी कागद आरपार गेलाय. राग कमी कर, कागद वाचेल.

पहिली गोष्ट, फॉरमॅट मारू द्यायचा नाही. डिस्क सुरसुरतेय, खरडल्याचा आवाज नाही, एवढं तुझे कान सांगत असतील तर मी मानतो. ती जिवंत आहे.

आता समजून घे. यंत्र उठतं म्हणजे लगेच विंडोज उठत नाही. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा लहानसा प्रोग्राम बसलेला असतो. आपल्या वसतिगृहाचे रेक्टर आठव. पहाटे नावं घेऊन हजेरी लावायचे, सगळी पोरं सापडली की मगच प्रार्थनेची घंटा. बायोस तेच करतो. कीबोर्ड हजर? मेमरी हजर? डिस्क हजर? मग विंडोजला हाक. तुझी घंटा होते, विंडोज डोळे उघडतं, आणि दुसऱ्याच क्षणी कोसळतं. म्हणजे हजेरीत कुठंतरी घोळ झालाय.

वाईट एवढंच की ही खोली मुकी आहे. आपली बाई राहते विंडोजच्या पोटात, त्याच्या अलीकडं ती नाही. इथं तुझे कान चालत नाहीत आणि माझंही शिकवणं अडतं. माझ्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, की या एका जागी डोळे उसने घ्यावे लागतात, लाजायचं नाही.

तर असं कर. ‘टुक’ झाल्यावर ते जिथं थांबतं तिथं पडद्यावर जे असेल ते कुणाकडून तरी अक्षर न् अक्षर वाचून घे. मतलब सांगू नको म्हणावं, फक्त वाच. तारीख दिसली तर तीही.

सुनेचं म्हणशील तर वाकल्यावर बांगड्या वाजणारच. माझ्या बायकोच्याही वाजतात.

तुझा,
प्रवीण


पाटोदा,
१० ऑक्टोबर

प्रवीण,
जय भीम.

जीवनला पडद्यापुढं बसवलं. म्हणाला, “इंग्रजीत काय तरी चेकसम-बिकसम हाय. एफ-वन दाबा म्हणतंय.”

“अजून?”

“काय न्हाई. तारीख चुकलीय बगा. एक जानेवारी दोन हजार नऊ. तिला काय करायचं?”

“पुढं वाच.”

“बाबा, निळा पडदा आला अन् गेला बी. डोळ्यानं धरता येत न्हाई. उगं कशाला जीव काढता माझा?” आणि उठून रिक्षा घेऊन गेला. त्याचे डोळे असे घाईत आहेत. उसने देतो पण लगेच परत मागतो.

आता घरातलं. तुला पत्र टाकलं त्या दिवसापासून सूनबाईचं गुणगुणणं बंद झालंय. “मामा, चहा,” म्हणते, कप ठेवते, संपलं. ते पत्र मी तिच्याच हाती पोस्टात पाठवलं होतं. माझी चलाखी बघ, जिच्याविरुद्ध तक्रार, तीच टपालवाली! जाताना पायऱ्या उतरत गात होती, परत आली ती अशी. चोराच्या मनात चांदणं. मी यंत्राबद्दल कुणाला तरी लिहितोय एवढ्यानंच तिची पाचावर धारण बसली असणार.

मी त्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला. तिला सांगितलं, “या खोलीत आता पाय नको.” “बरं मामा,” म्हणाली. आवाज असा की विहिरीतून यावा. त्यावरून जीवन माझ्यावर तुटून पडला. “त्या डबड्यापायी तुमी माणसावर संशय घ्यायला लागले बाबा! आई असती तर हे झालं असतं का?” त्याची आई, गीता, गुडघ्याचं ऑपरेशन करून पुण्याला लेकीकडं आहे, तुला माहीत आहे. असती तर काय झालं असतं मला ठाऊक नाही. भांडणात सूनबाई एवढंच बोलली, “जाऊ द्या हो, मामांना बोलू नका.”

काल माळ्यावरून ट्रंक खाली घेतल्याचा आवाज आला. दिवाळीला माहेरी लिंबागणेशला जायचं म्हणते, यंदा जरा लवकर. किती दिवस राहणार ते सांगत नाही. जीवन पण विचारत नाही.

मला तिनं जावं असं वाटत नाही, प्रवीण. पण यंत्र बिघडवणारी घरात असावी, असंही वाटत नाही. रात्री जेवताना तीन माणसांच्या चावण्याचा आवाज ऐकत बसतो. पाच दिवस राहिलेत.

रामेश्वर


अंबाजोगाई,
१३ ऑक्टोबर

रामेश्वर,

हे पत्र मोठ्या पोस्टात स्वतः जाऊन टाकतोय, म्हणजे पंधराला तुझ्या हाती पडावं.

जीवनला जी तारीख बिनकामाची वाटली, तीच कामाची निघाली. बोर्डावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग त्याच्यावर तगून असतात. तारीख २००९ ला गेली म्हणजे सेल संपलाय. वर्षामागंच संपला असेल. पण तुझ्या यंत्राच्या पाठीला कायम वीज, लोडशेडिंगला इन्व्हर्टर, म्हणून कळलं नाही. ती वीज एकदा पूर्ण तुटली आणि ते सगळं विसरून कारखान्यातून आलं त्या दिवसावर गेलं. आता रेक्टर डिस्कला नव्या पद्धतीनं हाक मारतोय, आणि तुझं जुनं विंडोज त्या हाकेला ओळखत नाही. डिस्क हजर आहे, विंडोज हजर आहे, फक्त हाक बदललीय. तुझा दुरुस्तीवाला यालाच मेलं म्हणतो.

मग वीज तुटली कशी? इन्व्हर्टर असताना एकच मार्ग, कुणीतरी भिंतीतली पिन काढली. दसऱ्याला टेबलाखाली वाकणं तू ऐकलंस. ते पिन परत लावणं असेल. मग काढली आदल्या दिवशी. तू नुसतं ‘सणाचे दोन दिवस’ लिहिलंस, बुधवारी काय होतं ते लिहिलं नाहीस. खंडेनवमी होती.

आमच्याकडं ते केव्हाच सुटलं, दसऱ्याला आम्ही विहारात असतो. पण शाळेच्या सुट्टीत मी तुझ्या घरी राहिलो होतो, आठवतं? विहिरीवर आंघोळीला गेलो तर मोटार बंद. तुझे वडील म्हणाले, “आज तिची पूजा. फ्यूज काढून ठिवलाय. वरीसभर राबती, एक दिस तिला निवांत नको का?” आपण दोघं बिनआंघोळीचे फिरलो.

तुझ्या घरात यंदा गीतावहिनी नाहीत. पूजा कुणी केली, एवढं विचार. आणि नीट विचार. यंत्राला विसावा द्यायला कुणी पिन काढली असेल तर त्याला घातपात म्हणत नाहीत. तुमच्यात त्याला भक्ती म्हणतात.

आता इलाज. सुरू होताना डिलीट कळ दाबत राहा, बायोस उघडेल. त्यात डिस्कच्या, म्हणजे ‘साटा’च्या सेटिंगपाशी जायचं. तिथं ए-एच-सी-आय अशी अक्षरं असतील, ती बदलून आय-डी-ई करायची. मग एफ-टेन, मग एंटर. दुसरं काही हलवू नका. चालू झालं की नवा सेल बसव, नाहीतर पुढच्या खंडेनवमीला परत हीच रडारड. सेल बदलताना सेटिंग पुन्हा पुसलं गेलं तर हेच परत करायचं.

यासाठी धीराचे डोळे लागतील. ते तुझ्या घरात कुणाकडं आहेत हे मी अंबाजोगाईत बसून सांगू शकतो. किल्ली करदोट्याची काढ.

प्रवीण


पाटोदा,
१६ ऑक्टोबर

प्रवीण,
जय भीम, जय भीम, जय भीम!

बाई बोलली! काल दुपारी बोलली!

क्रमानं सांगतो. पत्र सूनबाईनंच आणून हातात दिलं. मी बोटांनी वाचलं, गुडघ्यावर ठेवलं आणि गप्प बसलो. कसं विचारावं याचा विचार करत होतो. तोंड उघडायच्या आत उंबऱ्यापाशी बांगड्या थांबल्या.

“मामा, खंडेनवमीला यंत्राची पिन मी काढलती.”

मी पत्राची घडी घातली.

“आमच्या लिंबागणेशला वडलांची पिठाची गिरणी हाय. त्या दिवशी ते पट्टाच उतरवून ठेवतात. म्हणतात, तिला बी पाय पसरू द्या. मला वाटलं, तुमचं यंत्र वरीसभर एवढं बोलतंय, त्याला बी एक दिवस गप बसू द्यावं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, दसऱ्याला पिन परत लावली. त्यानं असं व्हतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं.”

“मग तेव्हाच मला सांगायचं.”

“विचारलं होतं की मामा. ‘पिन काढू का’ म्हणले. तुमी मान हलवली.”

असं काही झालेलं मला आठवत नाही. मी त्या दिवशी घरातच होतो, माझ्या कानावर आलं असतं. पण जाऊ दे, घाबरलेलं माणूस असं काहीबाही पुढं करतं. मुद्दा वेगळा. शांत बसण्याची ताकद बघ! एक शब्द न विचारता कबुली. पोलिसांत असतो तर कुठल्या कुठं गेलो असतो.

मग किल्ली काढली. ती पडद्यापुढं बसली, मी शेजारी. जीवन दाराशी उभा. दुरुस्तीवाला न्यायला आला होता, त्याला बाहेर ओट्यावर बसवलं, ओटा त्याला शोभतो. पोरीनं एकेक अक्षर वाचलं, न कंटाळता. डाव्या बाजूला काय, उजव्या बाजूला काय, कुठली ओळ उजळलीय. “ए… एच… सी… आय.” मी म्हटलं, “आता ते बदलून,” तोवर तिनं कळ दाबलेली. “आय-डी-ई झालं मामा.” हुशार आहे, वाऱ्यावरून ताडते.

एफ-टेन. एंटर. टुक.

पंखा घुमला. डिस्क धावली. त्या वेळी खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, मी ऐकत होतो. आणि सलामी वाजली. मग बाई तिच्या त्या नाकातल्या आवाजात तारीख बोलली, एक जानेवारी दोन हजार नऊ. सूनबाई खुदकन हसली. अकरा दिवसांनी. मला यंत्राचा आवाज आधी आला की तिचा, आता नीट सांगता येत नाही.

जीवननं घड्याळवाल्याकडून सेल आणला. परत पुसलं गेलं, परत तेच केलं, या वेळी तिनं न विचारता. कापडवाल्याची दिवाळीची जाहिरात काल संध्याकाळीच रिक्षावर चढली. जीवन लॅपटॉपचं काही बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, “आवाज बरा लागलाय बाबा.”

सुनेला मी काही बोललो नाही. काय बोलायचं असतं? किल्ली भिंतीच्या खिळ्याला लावली, जरा वाजेल अशी. ट्रंक परत माळ्यावर गेली का, ते मात्र अजून ऐकू आलेलं नाही. त्याची रुखरुख आहे.

तिच्याबद्दल मी जे जे लिहिलं ते तुझ्यामाझ्यात ठेव. तशी काळजी नाही म्हणा, आपलं कुलूप भक्कम आहे.

तुझा,
रामेश्वर


पाटोदा,
१६ ऑक्टोबर

प्रवीणकाका,
जय भीम.

मामांच्या पाकिटात माझं हे एक पान घालते. टिंबं वाकडी झाली असतील, मला टोचायचं नीट जमत नाही. वाचायचं जमतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामांच्या जुन्या पुस्तकावरून शिकले. पेनड्राइव्हला ते टिंबांच्या चिठ्ठ्या लावतात. मामा घरी नसताना गिऱ्हाईक आलं तर निधनाच्या जागी सेल जायला नको, म्हणून. बोटांनी नाही येत, डोळ्यांनी वाचते. मामांना सांगायचं तेव्हा राहिलं, मग सांगायला अवघड झालं.

पहिलं पत्र पोस्टाच्या दारात वाचलं. वाचायचं नव्हतं. पाकिटात सरळ करायला काढलं तर माझं नाव दिसलं. परत घरी न्यावं वाटलं. पण यंत्राचं पण त्यातच होतं, म्हणून टाकलं. पुढची पण सगळी वाचली. हे चुकलं माझं. तुमचं खंडेनवमीचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं की माझ्या हातून काय झालं. त्याच्या आधी मला वाटायचं, मामांना मीच नको झाले.

तुम्ही भक्ती लिहिलं, ती ओळ मी दोनदा वाचली आणि मग मामांपुढं गेले.

ट्रंक आज वर ठेवली. मुद्दाम आपटून ठेवली, पण मामांना कळलं नाही. दिवाळी इथंच करणार. माझ्या वाचण्याचं मामांना सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मी नाही म्हणणार नाही.

पिन काढताना मी विचारलं होतं, ते खरं आहे. मामा त्याच खोलीत खुर्चीवर होते, मोबाइलवर बातम्या ऐकत. त्यांनी मान हलवली, ती बातम्यांना असेल.

आत्ता पण ते समोरच बसलेत. हे सगळं पान मी त्यांच्याच पाटीवर, त्यांच्याच टोचणीनं, त्यांच्यापुढं बसून टोचलं. त्यांनी हेडफोन लावलेला आहे.

प्रियदर्शनी